देव कोण उचलणार?

तोयो: काका, कमानीखाली बसून किती वेळ डोकं धरणार? पाच वाजता मुकादम कुलपं लावायला येतोय. अख्खी चाळ सामान घेऊन रस्त्यावर उभी राहिलीय.

गेनसाकु: संपावर गेलात तर चाळ रिकामी करा म्हणाले, केली. माझ्या चार भांड्यांना काय वेळ लागतो? पण हे देऊळ? हे कुठल्या गाडीत घालू?

तोयो: देऊळ राहू दे. देव घ्या.

गेनसाकु: वा गं वा! भाजी घ्या म्हटल्यासारखं बोलतेस. आठवडाभर ऊस तोडायचा आणि रविवारी डोंगरातनं एकेक वासा खांद्यावर आणायचा, असं बांधलंय हे. तेरा वर्षं झाली. ही कमान बघ. एक खिळा नाही तिच्यात.

तोयो: ठाऊक आहे. नुसता फोटो बघून लग्न ठरवून मी बोटीतनं उतरले, तेव्हा आम्हाला दोघांना इथंच उभं करून तुम्ही हेच सांगत होता. नवरा कंटाळून पुढे निघून गेला.

गेनसाकु: आत्ता कुठाय तो?

तोयो: होनोलुलूत. संपवाल्यांसाठी छप्पर शोधतोय. काका, विषय बदलू नका.

गेनसाकु: पुजारी असता तर विषयच नव्हता. देवाचा आरसा ज्या पेटीत आहे, तिला हात लावायचा अधिकार त्याचा. तापाच्या साथीनं नेमका तोच नेला. मी आपला झाडणारा माणूस.

तोयो: झाडणारे का होईना, रोज आत जाणारे तुम्हीच.

गेनसाकु: आत जाईन. पेटी बाहेरही आणेन. पुढे काय? स्टेशन चार मैल. या गुडघ्यावरनं उसाची गाडी गेलीय. पेटीसकट तोंडावर पडलो म्हणजे?

तोयो: पेटी मी नेते.

गेनसाकु: तू?

तोयो: मी.

गेनसाकु: पोरी, लेकरू जाऊन अकरा दिवस झालेत तुझं. आपल्यात पन्नास दिवस सुतक धरतात. म्हणूनच मघापासनं कमानीच्या बाहेर उभी आहेस ना? आणि थेट पेटी उचलते म्हणतेस?

तोयो: मग दुसरं कोण उचलेल ते सांगा. सुतक नसलेलं एक घर दाखवा. कामिमुरांचा म्हातारा गेला. पलीकडच्यांची सून गेली. शेवटच्या खोलीतली तर दोघंही. तापानं कुणाचं दार सोडलंय?

गेनसाकु: माझं.

तोयो: तसं नव्हतं म्हणायचं मला.

गेनसाकु: खरं तेच म्हणालीस. माझ्या घरात मरायलाच कुणी नव्हतं. सबंध चाळीत सोवळा माणूस एकच, आणि तो लंगडा. देवालाही थट्टा सुचते बघ.

तोयो: काका, हा देव इथं आला कसा?

गेनसाकु: कसा म्हणजे? गावाकडून. बोटीनं.

तोयो: बोटीत कुठे?

गेनसाकु: तळात. आमच्यातच. पुजाऱ्यानं सतरा दिवस मांडीवरनं खाली ठेवला नाही.

तोयो: तळात दोनशे माणसं ओकत होती, असं तुम्हीच सांगता. एक बाई तिथंच बाळंत झाली. एक म्हातारा मेला, त्याला समुद्रात सोडला. तेव्हा नाही विटाळला देव?

गेनसाकु: तू वकील व्हायला हवी होतीस.

तोयो: ऊस तोडता तोडता राहून गेलं. उठा आता. तो बघा, दुभाषी येतोय, कारखान्याचा कोट घालून.

कुराता: बरं झालं, गेनसाकुसान, इथंच भेटलात. बड्या साहेबांचा निरोप आहे. देवळाला कुणी धक्का लावणार नाही. सोमवारी सगळे कामावर आलात की खोल्या परत मिळतील, देऊळही जिथल्या तिथे. शरदातल्या उत्सवाला साके दारूचं पिंप साहेबांकडून.

तोयो: आणि नाही आलो तर?

कुराता: जमीन कारखान्याची आहे, तोयोबाई. रिकामी कशी राहील? ऊस लावतील.

तोयो: म्हणजे आमचा देव ओलीस ठेवलात.

कुराता: मी फक्त इकडचं बोलणं तिकडे करतो, तिकडचं इकडे.

तोयो: इकडचं तिकडे कधी करता? लेकरू फणफणलं होतं तेव्हा डॉक्टर पाठवा म्हणून तुमच्याच दारात आले होते. ते बोलणं कुठे अडकलं?

कुराता: मी सांगितलं होतं. त्यांच्याकडून उत्तर आलं नाही.

तोयो: उत्तर आलं नाही, एवढं तरी सांगायला यायचं होतं. मी रात्रभर दाराशी बसले होते.

गेनसाकु: तोयो, बस झालं. त्या दगडी कुंडावर जा. हात धू, चूळ भर. मी शुद्धीचं मीठ आणि पेटी घेऊन येतो.

कुराता: गेनसाकुसान, आत कुठे निघालात? थांबा. आतली वस्तू बाहेर काढायची नाही. माझ्याकडे यादी आहे. गेनसाकुसान!

तोयो: त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नाही.

कुराता: डाव्यानं येतं की.

तोयो: तुमच्या वेळी दोन्हींनी येत नाही.

गेनसाकु: धुतलेस हात? डोकं खाली कर, मीठ टाकतोय. हं. आता पाठ कर इकडे. लेकरू बांधायचा पट्टा आणलायस?

तोयो: कमरेलाच आहे. सोडलाच नाही मी तो.

गेनसाकु: बरं. हा असा खालनं घेतो. गाठ छातीवर तूच मार, तुला सवय आहे. जड होतंय का?

तोयो: नाही. आमच्या त्याच्यापेक्षा हलका आहे.

कुराता: हे बघा, पेटीत काय आहे ते मला बघावं लागेल. माझी नोकरी आहे ही.

गेनसाकु: डोकं फिरलंय का तुझं? पुजाऱ्यानंसुद्धा जन्मात उघडली नाही ती!

तोयो: बघू द्या, काका. या, कुरातासाहेब. मी वळून उभी राहते, तुम्ही उघडा. तुमची मुलगी महिन्याची झाली तेव्हा रेशमी दुपट्यात गुंडाळून इथंच आणलीत ना? ज्याच्यापुढे तिला धरलंत, त्याची झडती घ्या. या ना.

कुराता: साहेब विचारतील. यादीत काय लिहू?

तोयो: एक बाई गेली म्हणून लिहा. पाठीवर ओझं होतं.

कुराता: कसलं ओझं, म्हणतील.

तोयो: विचारलं, पण उत्तर आलं नाही, असं सांगा.

कुराता: तोयोबाई.

तोयो: आता काय?

कुराता: खालच्या पुलावर पहारेकरी बसवलेत. सगळ्यांची बोचकी उघडून बघतायत. पाटाच्या कडेनं जा. तिकडे कुणी नाही.

तोयो: चला, काका. आणि आता परत आत कुठे?

गेनसाकु: झाडू राहिला.

तोयो: झाडू! अहो, झाडू काय करायचाय?

गेनसाकु: मग तिथं काय देव धुळीत बसवायचा? तू हो पुढे, मी कमानीला नमस्कार करून येतो. आणि मागे वळून बघू नकोस. माझं तोंड बघण्यासारखं नाहीये आत्ता.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. होनोलुलूत एका टोफूवाल्याच्या गोदामात. आजूबाजूला चाळीतली माणसं चटया टाकून झोपलेली.)

गेनसाकु: अगं, सोड आता ती गाठ. बसल्या बसल्या झोपलीस. मान आखडली असेल.

तोयो: जमिनीवर ठेवायचा नव्हता.

गेनसाकु: ही बघ फळी. साबणाच्या खोक्याची आहे. टोफूवाल्यानं खिळे दिले.

तोयो: खिळे? तुम्ही खिळे मारलेत?

गेनसाकु: चूप. संप आहे, तोवर माझ्या हट्टालाही सुट्टी. हळू. मी खालनं धरलंय, तू पट्टा सोड. हं. थोडं डावीकडे. बसला.

तोयो: वाकडा दिसतोय.

गेनसाकु: गोदाम वाकडं आहे. आता मागे कुठे सरकतेस?

तोयो: नेलं ते नाइलाज म्हणून. पण पूजेला मी पुढे उभी कशी राहू? सुतक फिटलं नाही.

गेनसाकु: नियम सांगायला पुजारी नाही. मग मी सांगतो. ज्यानं चार मैल देव वाहिला, त्यानं पुढे उभं राहायचं. ये. दोनदा वाकायचं, दोनदा टाळी.

तोयो: लोक उठतील.

गेनसाकु: उठू देत. बघू देत कोण आलंय ते.

तोयो: काका, महिना भरला की त्याला देवापुढे आणायचं होतं. त्याच दिवशी ताप चढला. देवाला त्याचं नावच सांगायचं राहिलं.

गेनसाकु: सांग मग. मोठ्यानं सांग.

तोयो: तामोत्सु. तामोत्सु नाव होतं त्याचं.

गेनसाकु: ऐकलं त्यानं. मीही ऐकलं, डाव्या कानानं.

तोयो: आता पुढे काय करायचं?

गेनसाकु: पुढे? देवापुढचं पाणी रोज पहाटे बदलावं लागतं. विहीर लांब आहे. या गुडघ्यानं मला जमायचं नाही.

तोयो: मी बदलेन.

गेनसाकु: रोज? किती दिवस चालेल हे, कुणी सांगावं?

तोयो: चालू दे की. कामावर कुठे जायचंय आपल्याला?