खुर्ची पूर्ण दिसू द्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील वाहिनीचे अधिकारी, सकाळच्या कार्यक्रमाचे निर्माते साहेब, व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम, आजच्या सत्कारमूर्ती ताई, आणि समोर बसलेले कॅमेऱ्यावरचे, दिव्यांवरचे, रंगभूषेचे सर्व बंधुभगिनी,

आज शुक्रवार, एकोणतीस तारीख. सकाळी उठलो, चहा केला, टीव्ही लावला. व्यायामाचा भाग बघितला, म्हणजे केला. ताईंचा शेवटचा दिवस होता. मॅडमनी त्यांच्याकडे हात केला, ताईंनी मान लववली आणि जाहिरात लागली. मग मी शर्टाला इस्त्री केली आणि बसने इथे आलो.

मला बोलायची सवय नाही. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मी आयुष्यभर नकाशे काढले, त्या कामात बोलावं लागत नाही. आपण मला प्रेक्षकांचा प्रतिनिधी म्हणून बोलावलंत, हा आपला मोठेपणा. मलाच का बोलावलं, हे मात्र खाली फोनवर बसणाऱ्या मुलीला विचारा. ती बघा, तिसऱ्या रांगेत हसते आहे. माझा आवाज ऐकला की ती म्हणते, "बोला खुर्चीवाले काका."

आमच्या घरी हा कार्यक्रम माझी पत्नी बघायची. मी मागे पेपर वाचत बसायचो. ती टीव्हीशी बोलायची. आपल्या स्वयंपाकाच्या भागात सगळं चिरून, मोजून, छोट्या वाट्यांत मांडलेलं असतं. ती म्हणायची, "चिरायला एक माणूस, धुवायला एक माणूस, आणि म्हणे दहा मिनिटांत तयार. त्या दोघांनाही समोर आणा की." घरसजावटीच्या भागात पांढरा सोफा दिसला की विचारायची, "अहो, ह्या घरात कुणी राहतं का?" मी हं म्हणायचो. निर्माते साहेब, राग मानू नका. इतकं बारकाईने बघणारा प्रेक्षक आपल्याला मिळाला होता, असं समजा.

पुढे ती आजारी पडली. डाव्या अंगातली ताकद गेली. व्यायाम शिकवायला घरी एक तरुण डॉक्टर यायचे. फार भले गृहस्थ, पण बोट हललं तरी शाब्बास म्हणायचे. ते गेले की ही मला म्हणायची, "मी काय पहिलीत आहे का?" आणि हात मांडीवर ठेवून द्यायची.

तिला हलवलं ते ताईंनी. आपल्या व्यायामाच्या भागात मॅडम पुढे उभ्या राहून शिकवतात आणि ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांच्यासाठी मागे, डाव्या कोपऱ्यात, ताई खुर्चीत बसून तेच करून दाखवतात. त्या मुळात इथल्या शिवणकामाच्या खोलीतल्या. एक दिवस कुणीतरी बसायला हवं होतं म्हणून बसल्या आणि तिथेच राहिल्या. त्यांना माईक नाही. इतकी वर्षं रोज भेटून त्यांचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला.

आमच्या घरात त्यांच्याबद्दल पहिलं मत चांगलं नव्हतं, हेही सांगतो. ही म्हणायची, "धडधाकट बाई आहे. बसून करायला हिचं काय जातंय?" मग एका सकाळी, थेट प्रक्षेपण चालू असताना, हात वर घेताना ताई थांबल्या. हात खाली आला. त्यांनी खुर्चीची कड धरली, मान खाली घातली, दोन श्वास घेतले. पुढे मॅडम मोजतच होत्या. ताईंनी पुन्हा हात उचलला आणि चाललेल्या आकड्यावर येऊन मिळाल्या.

पत्नी म्हणाली, "अहो, ती थांबली."

मी पेपर खाली ठेवला.

"थांबून परत सुरू केलं तिने. बघितलंत का?"

मी बघितलं नव्हतं, मघाशी सांगितलं ते सगळं नंतर तिच्याकडूनच ऐकलेलं. बघितलं म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिने जेवणाच्या टेबलाची खुर्ची टीव्हीसमोर आणायला लावली. उजव्या हाताने डावा हात उचलून वर न्यायची. दमली की कड धरायची, दोन श्वास, पुन्हा चालू. शाब्बास म्हणायची माझी हिंमत नव्हती.

आज वर चहा घेताना मी ताईंना विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं? त्या म्हणाल्या, "दम लागला होता हो, दुसरं काय? नंतर केवढी बोलणी खाल्ली मी."

बोलणी खाल्ली, ते आम्हाला घरी कळलंच होतं. कारण त्या आठवड्यापासून कॅमेरा मॅडमच्या जवळ गेला आणि ताई कडेला कापल्या गेल्या. कधी अर्धी खुर्ची, कधी नुसता खांदा. पाय तर दिसेचनात. ही विचारायची, "अहो, पाय काय करतायत बघा." मी उठून टीव्हीच्या बाजूला जाऊन वाकून बघितलं. खरंच बघितलं. ही म्हणाली, "तिकडून दिसतायत का?" त्या दिवशी आम्ही दोघं इतके हसलो की व्यायाम राहिला. मग मी इथे फोन केला. ही मुलगी म्हणाली, "काका, तुमच्या टीव्हीचं सेटिंग बघा." सेटिंग बघितलं. पुन्हा फोन केला. करतच राहिलो.

मार्चमध्ये पत्नी गेली. त्या आठवड्यातही तिचा उजवा हात डाव्याला उचलून देत होता. ती खुर्ची मी टेबलाशी परत नेली नाही. थोड्या दिवसांनी तिच्यात बसलो. मला उभं राहून जमतं, देवाच्या दयेने गुडघे ठीक आहेत. तरी मी बसून करतो.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते बोलतो. मघाशी निर्माते साहेब प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, दोनच शब्द, पण गोड बोला. आणि एक आनंदाची बातमी. सोमवारपासून सेट बदलतोय. खुर्ची काढली. सगळे उभे, एकदम ताजंतवानं."

साहेब, गोड बोलायचं मी घरून लिहून आणलं होतं. ते खिशातच ठेवतो.

नकाशे काढताना आम्हाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली होती. कागदाची कड नीट ठरवा, कारण कागदाबाहेर गेलेल्या घराला नळ मिळत नाही. त्या घरातली माणसं तिथेच असतात, त्यांना तहानही लागते. कागदावर तेवढी ती नसतात. आपला कॅमेरा मला तसा वाटतो. ताई निवृत्त होताहेत, त्यांना विश्रांती मिळालीच पाहिजे. पण त्यांच्याबरोबर खुर्चीला कशाला निवृत्त करता? माझं भागेल, मला सगळे व्यायाम पाठ आहेत. जो माणूस ह्याच आठवड्यात दवाखान्यातून घरी आला, ज्याच्या समोर कुणीतरी पहिल्यांदा खुर्ची ओढून ठेवली, त्याने सोमवारी कुणाकडे बघायचं?

म्हणून मागणी एवढीच. खुर्ची ठेवा. तिच्यात कुणालातरी बसवा. ती पायांसकट दाखवा. आणि बसलेलं माणूस दमलं, तर त्याला थांबू द्या, कॅमेरा हलवू नका. अध्यक्ष महोदय, ह्याचं उत्तर मला आज सभागृहात मिळालं तर बरं. नाही मिळालं तर फोनचा नंबर माझ्याकडे आहेच, आणि तिसऱ्या रांगेतली मुलगी माझा आवाज ओळखते.

ताई, तुमचे आभार मानायला मला नीट शब्द सापडत नाहीत. माझ्या पत्नीने तुम्हाला नावं ठेवली आणि मग रोज तुमच्यासमोर बसली. तिच्याकडून ह्याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालेलं नाही, मलाही नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. पाहुण्याने यजमानाच्या घरात बोलू नये असं काही बोलून गेलो असेन, तर वयाकडे बघून पदरात घ्या. मागणी मात्र परत घेत नाही.

सोमवारी सकाळी मी चहा करीन आणि टीव्ही लावीन. कोपऱ्यात खुर्ची दिसली तर तिच्याबरोबर, नाही दिसली तर आवाज बंद करून, मी माझ्या खुर्चीत बसेन. उजव्या हाताने डावा हात धरून वर नेईन. मध्ये एकदा कड धरून थांबेन, दोन श्वास घेईन, आणि पुढचा आकडा मोजीन.