हाकेला न वळणारी सई

माझं माहेर समुद्राकाठचं, नाटे गावचं, बापूस मच्छी मारायचा, लग्न झालं नि इकडं संगमेश्वराकडं आले, दहावी पास होते म्हणून गावच्या अंगणवाडीत लागले, ती आजपावेतो तिथंच. गावातलं पोर कधी बसलं, कधी चाललं, ते आईच्या आधी मी सांगायची, असा माझा तोरा होता, काय सांगू तुम्हाला.

आमच्याकडं तपासणीचा कागद असतो, हाक मारली तर पोर वळतं का, बोट दाखवून मागतं का, नजरेला नजर देतं का, पुढं हो नायतर नाही अशी खूण करायची. आता माझी नात सई, सून माझ्याकडंच ऱ्हाते, मुलगा मुंबईला कामाला, ही सई दोन वर्षांची झाली तरी हाकेला वळायची नाय. कान म्हणाल तर तिखट, आत बिस्किटाचा पुडा फोडला की धावत यायची. दिवसभर पडवीत काजूच्या बियांची ओळ लावायची, एक बी हलवली तर किंचाळून डोकं आपटायची. आमचे हे खूश, बागायतदाराची नात ती, आतापासून प्रतवारी करते बघ, म्हणायचे. मीसुद्धा हसायची. पण मला कळत होतं हो, कळत होतं म्हणून तर भीती.

सून म्हणायची, आई, ही माझ्याकडं बघतच नाय. मी म्हणायची, अगो बोलेल, हिचा बापूस पण उशिराच बोलला. आणि सईच्या कागदावर सगळीकडं हो. एकदा नाय, दोनदा. नाहीवर खूण केली तर ते खरंच होऊन बसेल असं वाटायचं.

मग वरच्या वाडीतली एक आई, तिचं पोर तसंच, तिला मी म्हटलं, बाय, वेळ घालवू नको, रत्नागिरीला दाखव. ती उलट मलाच म्हणाली, बाई, तुमच्या सईला कधी नेताय? म्हणजे सगळ्या वाडीला दिसत होतं.

दुसऱ्याच दिवशी सुनेला घेऊन एसटी धरली. डॉक्टरीणबाईंनी सईला खेळवलं, किती वेळ बघितलं, नि म्हणाल्या, ही स्वमग्नता, ऑटिझम म्हणतात ते, यात आईचा दोष नाय, औषधानं जाणारं नाय, पण शिकवलं की शिकेल, जेवढं लवकर तेवढं बरं. मग विचारलं, पहिल्यांदा कधी लक्षात आलं? सून म्हणाली, दोन-तीन महिने झाले. मी म्हटलं, मला कळून वर्ष झालं. सुनेनं वळून माझ्याकडं बघितलं, नि परतीच्या एसटीत सईला घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

आता दर आठवड्याला रत्नागिरीला नेतो. सून बोलते माझ्याशी, कामापुरतं. आमच्यामागं सईचं कसं होईल, ही भीती काय जात नाय. रोज सकाळी तिच्याजवळ बसते, ओळीच्या शेवटाला माझी एक बी ठेवते, ती आता काढून टाकत नाय. मग हाक मारते, सई. नाय वळली तर नाय वळली, असंच कागदावर लिहिते. देव तिला सुखी ठेवो, नि माझ्या हातून परत खोटी खूण न पडो.