दयाळाचा अंतरा

छे छे, जयंतराव, पुराणिकांची सून कल्पना म्हणजे बुलबुल आणि मी दयाळ, दोघे सारखेच गोड — ही गोळी मला नका देऊ! कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता, दोघांची कुळंच निराळी, हे मी सांगावं? बुलबुल म्हणजे काळ्या शेंडीचा, बुडाशी तांबडा. समोरच्यांच्या नव्या डिश अँटेनावर जोडीनं बसणार, चार गोड बोल बोलणार अन् पेरू टोचायला पसार. प्रसन्न जीव, पण काकडआरतीला उपयोग नाही. दयाळ बघा — काळापांढरा, शेपूट उभारून पहाटे एकटाच निंबाच्या शेंड्यावर, आणि आलाप काय लांबलचक! मी देवाला उठवायला सूर लावला की मंदिराबाहेर हाही सुरू. साऱ्या माधव नगरला सांगत आलो मी, हा मागल्या जन्मीचा टाळकरी म्हणून — काय म्हणालात? साथ नव्हे? नर हद्द राखायला गातो? मतलब... मला प्रतिस्पर्धी समजून हाकलत होता? वा रे पांडुरंगा! आणि मी त्याच्यासाठी रोज प्रसादाचे चुरमुरे ठेवायचो. त्यानं कधी तोंड लावलं नाही. खायचे ते बुलबुलच.

पण कामाचा होता हो. अंतऱ्याच्या वरच्या सुराला माझा श्वास पुरत नाही — मग मी डोळे मिटून थांबायचो. मंडळींना वाटे, भाव दाटून आला. तेवढ्यात तो वरून जागा भरून काढायचा. उन्हाळाभर दोघांची अब्रू त्या एका निंबावर. आता कार्तिक. थंडीत तो गात नाही. मी थांबतो, अन् गाभाऱ्यात घुमतो तो माझा खोकला... हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? मग मीच कशाला बोललो!

असू द्या. विश्वस्तांनी तुम्हाला कशाला पाठवलंय, बिलकुल कळतंय मला. पुराणिकांची सून बँकेत जाण्याआधी गाणार, आरती वेळेत आटोपणार, फ्रीगंज बाजारातले दुकानदार खूश. आवाज? ऐकलाय मी. चांगला आहे. फार चांगला आहे, तोच तर त्रास आहे! देव बिचारा इतकी वर्षं खोकल्यानं उठतोय, कधी तक्रार केली नाही —

नका, समजूत नका घालू. मागे बसून टाळ धरीन मी. तिला आज संध्याकाळी पाठवा, चाली सांगतो. डोळे मिटून थांबायचं तेवढं नाही शिकवणार. उठा आता. — अहो, चहा वगैरे काही नाही. निघा म्हणतो ना!