कासवाला दोन हात रंग

जनावरांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर मांडीवर खोकं घेतलेला रंगारी, शेजारी जखमी साप-कासवं आणून बरी करणाऱ्या बाई.

"कासवाला ऑइलपेंट?"

"गोचिडी झाल्या होत्या हो बाई. म्हटलं, रंगाखाली गुदमरून मरतील."

"आणि कासव?"

"रंग भारीतला आहे. दोन हात मारलेत."

"अहो, गोचिडी बसल्यात मानेच्या वळ्यांत. बघा, सगळ्या जिवंत! पाठीवर एक तरी होती का?"

"पाठ रंगवायला सोपी होती."

"धन्य आहात! त्या पाठीला नुसतं बोट लावलं तरी कळतं त्याला."

"कवचाला? कळतं?"

"नाही तर काय! जिवंत पाठ आहे ती, भिंत नव्हे."

"मग रंगाआधी पॉलिश पेपरनं घासलं, तेव्हा सारखं पाय आत ओढत होतं... मला वाटलं, लाजतंय."