माठामागची भिंत

बेबाबाई : उठायची नाही मी. जाळ न्यायचाच असेल तर माझ्या पायावरून ने.

हितेंद्र : अक्का, पारा पंचेचाळीसवर गेला आहे. गच्चीचा तवा झालाय. तुम्ही सतरंजी टाकून बसलात, आणि उद्या चक्कर आली तर लोक म्हणतील, ठेकेदाराच्या सुपरवायझरनं म्हातारी भाजली.

बेबाबाई : या गच्चीवर चाळीस उन्हाळे काढले मी. तू उन्हाचं नको सांगू. सकाळी या सांध्यावर जाळ मारला का, तेवढं सांग.

हितेंद्र : मारला. तीन नंबर आणि चार नंबर बिल्डिंगच्या मधला सांधा आहे हा. अर्ध्या लांबीला डांबरी शीट चिकटवून झाली, तुमच्या बाजूची राहिली. अमृत गॅसची टॉर्च घेऊन केव्हाचा उभा आहे. गच्ची गळते म्हणून सात वर्षं अर्ज कोणी केले? तुम्हीच ना?

बेबाबाई : मीच. अंगठा नाही, सही केलीय सातही अर्जांवर.

हितेंद्र : मग आता मंजुरी आली तर तुम्हीच आडव्या? मृगाआधी चारही बिल्डिंगी संपवायच्या आहेत मला.

बेबाबाई : भाऊ, मना माठनं पाणी आज कोमट लागनं.

हितेंद्र : काय?

बेबाबाई : माठातलं पाणी. दुपारी भाकर खाऊन तांब्या बुडवला, तर कोमट.

हितेंद्र : मे महिना आहे, अक्का. जळगावात मे महिन्यात नळालाही चहाचं पाणी येतं.

बेबाबाई : नळाला येऊ दे. माझा माठ सांध्याकडच्या भिंतीला टेकून असतो. त्या भिंतीला ऊन माहीत नाही. पलीकडे चार बोटांची फट, फटीपलीकडे चार नंबरची भिंत. ऊन शिरणार कुठून? घर मिळालं त्या दिवसापासून माठ तिथंच आहे. आजूबाजूच्या बायका पाहुणा आला की माझ्याकडे तांब्या घेऊन येतात. ते पाणी कोमट झालं. मी भिंतीला गाल लावला, गालाला चटका बसला.

अमृत : साहेब, सिलिंडर इकडे सरकवू का? की आधी जेवून घेऊ?

हितेंद्र : थांब. असं कर, अक्कांच्या घरात जा. वरच्याच मजल्यावर, डावीकडे. माठामागच्या भिंतीला हात लावून ये.

अमृत : भिंतीला?

बेबाबाई : दार उघडंच शे. चप्पल बाहेर काढ, आणि पाणी पिऊ नको त्यातलं, मला दाखवायचंय ते.

अमृत : बरं आजी.

हितेंद्र : आता खरं सांगा. फटीत काय आहे? आमच्या कागदावर तर सांधा मोकळा दाखवलाय. वर सिमेंटची पट्टी, खाली नुसती हवा.

बेबाबाई : कागद करणारा एक रात्र तरी झोपला होता का इथं? वसाहत नवी होती तेव्हा ती फट शिट्टी वाजवायची. उन्हाळ्याचा वारा सुटला की अशी लांबट शिट्टी, कुणी दुरून हाक मारावी तशी. माझी डिंपल तेव्हा दीड वर्षाची. घाबरून उठायची आणि भोकाड पसरायची. तिचे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायला. त्यांनी एक दिवस पोतं आणलं खांद्यावर.

हितेंद्र : कशाचं?

बेबाबाई : रुईचं. जिनिंगमध्ये जमिनीवरून झाडून काढतात ना, कचऱ्याची रुई, ती. मालकानं फुकट नेऊ दिली. एक पोतं घातलं, फटीनं गिळलं. मग बठ्ठ्या बाया, सगळ्याच्या सगळ्या, कामाला लागल्या. तीन नंबरच्या, चार नंबरच्या. सतरा पोती गेली, भाऊ. बांबूनं ठासली. वरून बोटभर सिमेंट लिपलं. त्या रात्री शिट्टी नाही. पोरगी सकाळी आठपर्यंत झोपली.

हितेंद्र : सतरा पोती रुई. आणि मी सकाळी त्यावर...

बेबाबाई : म्हणून तर बसलेय इथं.

हितेंद्र : पण चाळीस वर्षं झाली, अक्का. तिची माती झाली असेल.

बेबाबाई : रुईची माती व्हायला पाऊस लागतो. फटीवर सिमेंट होतं, पाणी घरात गळलं, रुईत नाही. आणि रुई कशी जळते ते तू पाहिलं नसशील. मी पाहिलंय. जिनिंगमध्ये एका गाठीत ठिणगी गेली होती. बाहेरून पांढरीशुभ्र, काही झालंच नाही अशी. तीन दिवस आतल्या आत जळत होती. चौथ्या दिवशी हमालानं हुक लावला आणि त्याच्या भुवया गेल्या.

हितेंद्र : कडेला ज्योत लावायचीच नव्हती.

बेबाबाई : मंग?

हितेंद्र : सांध्याला, भिंतीच्या कडेला थंड पट्टी लावायची असते. कागद सोलून चिकटवायची, जाळ नाही. ती नाशिकहून यायची आहे, चार दिवस झाले आली नाही. मी म्हटलं, कशाला थांबायचं, लावा टॉर्च. आणि जाळाचं काम संपल्यावर दोन तास माणूस बसवायचा असतो नुसता बघायला. तोही नाही बसवला. अकराला सगळी दोन नंबरवर गेलो.

बेबाबाई : कोन गावना रे तू?

हितेंद्र : साक्रीकडचा.

बेबाबाई : धाब्याचं, मातीच्या छताचं घर होतं का तुमचं?

हितेंद्र : होतं. आजी मृगाआधी धाब्यावर खारी माती टाकायची. पायानं चोपायची. आम्हाला वर चढू द्यायची नाही ती वाळेपर्यंत.

बेबाबाई : ती बसायची ना राखण, माती वाळेपर्यंत?

हितेंद्र : बसायची. छत्री घेऊन.

अमृत : साहेब.

हितेंद्र : काय रे?

अमृत : हात ठेवू देत नाही भिंत. आणि वरच्या कोपऱ्यात रंग पिवळा पडलाय. वास पण येतोय, गोधडी जळल्यासारखा.

हितेंद्र : छिन्नी आण. शीट उचकटू, सिमेंट फोडू, पाणी ओतू. पंधरा मिनिटांचं काम. कुणाला कळायच्या आत...

बेबाबाई : छिन्नीला हात लावू नको. फोडलं की वारा शिरेल. जिनिंगमध्ये पाण्याचा पाइप हातात आल्याशिवाय गाठ उघडत नसत. बंब बोलाव.

हितेंद्र : बंब आला की पंचनामा होतो, अक्का. सुपरवायझर कोण, ज्योत कोणी लावायला सांगितली. माझी ही तिसरीच साइट. पुढची मिळणार नाही.

बेबाबाई : चार नंबरातल्या पुनाची सून फटीपलीकडच्या भिंतीला टेकून झोपलीय. बाळंतीण. पोर सहा दिवसांचं. आज सटवी पुजायची त्याची. तू मला सांग, त्याचं नशीब कोण लिहील, सटवाई की तू?

अमृत : साहेब, फोन माझ्याकडून लावू का?

हितेंद्र : नको. माझ्या नावानं जाऊ दे. हॅलो, फायर ब्रिगेड? जिनिंग कामगार वसाहत, तीन आणि चार नंबर. हो, गच्चीवर काम चालू होतं. सांध्यात रुई पेटलीय, आतल्या आत. ज्योत आम्हीच लावली होती. हितेंद्र, सुपरवायझर. हो, थांबतो. अमृत, आधी दोन्ही सिलिंडर खाली, मैदानात, सावलीत. मग चार नंबरची दारं वाजव, बाळंतिणीपासून सुरू कर. तीन नंबर मी घेतो. अक्का, आता तरी उठा.

बेबाबाई : उठते. हात दे. आणि माठ तेवढा बाहेर घे, फुटायला नको.

(संध्याकाळ. बंब येऊन गेला आहे. सांधा या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा. गच्चीवर ओल्या रुईचे ढीग.)

अमृत : वरची हातभर काळी, साहेब. खालची बघा, अजून पांढरी.

हितेंद्र : बंबवाले म्हणाले, अजून तासभर उशीर असता तर आगीनं घरांतले लाकडी माळे धरले असते. तू जा अमृत, जेवलाही नाहीस. बघायला मी बसतो.

अमृत : कागदावर काय लिहिलं त्यांनी?

हितेंद्र : मी सांगितलं तेच. जा आता.

बेबाबाई : चहा घे. पुनाच्या सुनेनं पाठवलाय. पोर एवढ्या गोंधळातही झोपलंच होतं म्हणे.

हितेंद्र : तुम्ही कशाला परत वर आलात? मी आहे ना.

बेबाबाई : माझीच रुई आहे. मी नको बघायला? हा बघ, रुईचा हा बोळा कशानं बांधलाय.

हितेंद्र : चिंधी आहे. हिरवी.

बेबाबाई : माझ्या लुगड्याचा काठ. सुतळी संपली होती, तेव्हा प्रत्येकीनं आपापला काठ फाडला. हसत होतो किती. प्रमिलाबाईनं ओवी बांधली जागच्या जागी. ती वर गेली, ओवी माझ्याकडे राहिली.

हितेंद्र : म्हणा ना.

बेबाबाई : गळा नाही राहिला आता. अशी होती,
फटीत भरली रुई, मुठीवर मूठ बाई,
वाऱ्याला सांगा कुनी, लेक माझी झोपी जाई.

हितेंद्र : आणि मी ती सगळी उपसायला लावली.

बेबाबाई : उपसायलाच हवी होती. उन्हाळ्यात ओळीनं खाटा पडायच्या इथं. पोरं चांदण्या मोजायची, बाप्ये बिड्या ओढायचे, याच सांध्याच्या कडेला विझवायचे. खाली सतरा पोती रुई. आम्ही वर गाढ झोपलेलो. चाळीस वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही. डिंपलच्या वडिलांच्याही नाही, जन्म रुईत गेला तरी. पोरीची झोप तेवढी दिसली त्यांना.

हितेंद्र : आता यात दगडी लोकर भरायची. दगड वितळवून करतात, पेटत नाही. वर पत्र्याची टोपी, आणि कडेला थंड पट्टी. ती येईपर्यंत कामच सुरू करायचं नाही. मी असलो तर मी करीन, नसलो तर पुढच्याला सांगून जाईन.

बेबाबाई : लिहून दे मला. मी बसेन त्याच्यासमोर. सतरंजी आहेच.

हितेंद्र : ते पटलं.

बेबाबाई : गप. ऐक.

हितेंद्र : काय?

बेबाबाई : वारा सुटला बघ.

हितेंद्र : हां. फटीतून येतंय. खरंच, कुणी दुरून हाक मारल्यासारखं.

बेबाबाई : तुझ्या फोनवरून सुरतेला लागेल का? डिंपलचा नंबर पाठ आहे मला.

हितेंद्र : सांगा. काय म्हणू त्यांना?

बेबाबाई : काही म्हणू नको. फोन नुसता फटीजवळ धर.