माणूस तुमचा, जग माझं

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे येऊन बसा. खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि मला ओरडून बोलणं आता झेपत नाही.

मी रेवतीची आजी; माझी ही नात हरेशच्या रविवारच्या खेळातली. कॅम्प पाचला राहते. हरेश माझ्या नात्यातला नाही. तो सिंधी, मी घाटावरची. कॅम्प तीनमध्ये त्याचं जीन्सच्या चेन-बटणांचं दुकान, आणि मला साडीशिवाय काही माहीत नाही. आपल्यापेक्षा लहान माणसाच्या शोकसभेत बोलायचं म्हणजे जीभ जड होते. माझी जीभ जड झालेली इथे कोणी पाहिली नसेल. आज पाहून घ्या.

तरी उठले. कारण माझ्या आधी बोलले त्यांचं ऐकून बसवेना. एक म्हणाले, दुकान विकून टाकावं. दुसरे म्हणाले, कविताने बदलापूरला दिराकडे जाऊन राहावं. तिसरे म्हणाले, तिथे पुतण्याची पोरं सांभाळावीत, मन रमेल. कविता समोर बसली आहे. हरेशची बायको आहे ती. तिला कोणी विचारलं? मला यावरच बोलायचंय. पण हरेशकडून सुरुवात करते.

बाजारात काहींना वाटायचं, हरेशभाई रविवारी फासे टाकतो म्हणजे जुगार खेळतो. जुगार नव्हता हो. माझ्याच हॉलमध्ये बसायचे सगळे, माझ्याच कपांतून चहा प्यायचे. एक जण गोष्ट सांगणार, तो मास्टर. तो हरेश. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. कोणी शिपाई, कोणी जादूगार. काय करायचं ते आपण बोलायचं, जमलं की नाही ते फासे सांगणार. टेबलावर सोंगट्या म्हणून दुकानातली पितळी बटणं.

रेवतीची एक मैत्रीण आली नाही म्हणून मला बसवलं. हरेशने माझ्या हातात कागद दिला. माझं माणूस त्याने आधीच लिहून आणलं होतं. सगळ्यांचंच आणायचा तेव्हा, रेडीमेड. मी म्हटलं, "वाच." तर म्हातारी वैद्यीण. जडीबुटी देणार, पोरांना शहाणपण शिकवणार.

मी म्हटलं, "हरेश, दिवसभर मी म्हातारीच असते. इथे पण तीच?"

"आजी, कहानी में वैद्यीण लागते."

"मग तू हो. मला दरोडेखोर व्हायचंय. तरुण. बिनलग्नाची."

"ऐसा नहीं चलता आजी. मी सगळं बसवलंय."

"बसवलेलं उठव!"

पोरं हसली. हरेश नाही हसला. बटणं गोळा केली, पिशवी उचलली, शेअर रिक्षा पकडून निघून गेला. रेवती माझ्याशी बोलेना. मला वाटलं, बरं झालं, कप तरी कमी धुवावे लागतील.

पुढच्या रविवारी दार वाजलं. हरेशच. हातात कागद, सगळे कोरे. म्हणाला, "आजी, घरी जाऊन विचार केला. ग्राहकाला मी कधी सांगत नाही की तू हीच पॅण्ट शिव. मग इथे का सांगतो? आजपासून माणूस तुमचा, जग माझं. पण एक अट. तुमच्या माणसाला जीव लावायला कोणीतरी पाहिजे."

"कशाला?"

"नाहीतर मी घाबरवणार कशाने?"

असा लबाड. मी कोणाला जवळ करायला तयार नव्हते, म्हणून एक लंगडी शेळी लिहायला लावली. मंडळी, त्या शेळीच्या जिवावर या माणसाने मला काय काय करायला लावलं! पुरातून नेली, राक्षसाच्या दारात बांधली. मी त्याला तोंडभर शिव्या दिल्या. तो खूश व्हायचा. पण माझी दरोडेखोरीण एकदाही त्याने स्वतः चालवली नाही. तिने काय करावं हे कधी सुचवलंसुद्धा नाही. मी चुकत होते तेव्हा चुकू दिलं.

मग त्याच्या घशाचं दुखणं निघालं. आवाज गेला. गोष्ट सांगणाऱ्याचा आवाजच जावा, यावर मी काय बोलू? मास्टरच्या खुर्चीत त्याने मला बसवलं. आम्ही सगळे त्याच्या घरी जाऊ लागलो. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदा स्वतःचा माणूस करायला मिळाला. काय केला? घाटाखाली चहाची टपरी चालवणारा. तलवार नाही, जादू नाही.

मी म्हटलं, "अरे, निदान एक सुरा तरी घे."

कुजबुजला, "माणूस कोणाचा?"

मला गप्प बसवणारी माणसं फार झाली नाहीत.

त्या दिवशी कविता तिथेच मोसंबी सोलत होती. मी हरेशला म्हटलं, "हिचाही एक कर. तुझ्या टपरीवर बसव, हिशेबाला तेज आहे." मला वाटलं, खूश होईल. त्याने मान हलवली. हात वर करून मला थांबवलं, आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाला, "तिचा तीच करेल, आजी. तिला वाटेल तेव्हा."

कविता म्हणाली, "मला मेलं कुठे येतं असलं काही!" आणि सालं उचलून आत गेली. तो तिच्याकडे बघत राहिला, पण आग्रह केला नाही.

इतक्या वर्षांचा नवरा. खेळातला कागदसुद्धा त्याने बायकोसाठी लिहिला नाही. आणि तुम्ही तासाभरात तिचं सगळं लिहून मोकळे? विधवा. दिराकडची. पोरं सांभाळणारी. रागावू नका. तुम्ही वाईट नाही, चांगल्या मनानेच बोललात. मीही वैद्यीण झाले असते तर कोणाचं वाईट झालं नसतं. फक्त ती मी नसते.

कविता, तुला दुकान विकायचं तर विक. ठेवायचं तर ठेव. बदलापूरला जावंसं वाटलं तर मीच तुला रिक्षात बसवून देईन. आज काही सांगायची गरज नाही. महिनाभर नुसती झोपलीस तरी चालेल, डबा मी पाठवते.

आता सगळे उभे राहा. हरेशसाठी दोन मिनिटं गप्प राहायचं आहे. आणि दोन मिनिटं झाली की लगेच तोंडं उघडू नका. आधी कविताला काही बोलायचं आहे का, ते बघू.