धोट्याची खूण

दर्शना : कडी लावू नका, बाबा. कोणी आलं तर येऊ दे. आज लपवाछपवी बंद.

जयवंत : अगं, हळू. खाली हॉलमध्ये अर्धी चाळ जमलीय. पाळणा सजवून झालाय, श्रेया आत्याबाई म्हणून मिरवतेय, आणि तू पोरीला इथे निजवून कमरेला पदर खोचून उभी. बारसं आहे आज पोरीचं.

दर्शना : सहा महिन्यांनी! बाराव्या दिवशी का नाही केलं? आईंना नातीचं तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणून. ओठाचं ऑपरेशन झालं, टाके सुकले, पोरगी दाखवण्यालायक झाली. म्हणून आज बारसं. ठीक आहे. एवढी माणसं आयती गोळा झालीत, तर मीपण दोन शब्द बोलते माईकवर.

जयवंत : काय बोलणार?

दर्शना : हेच, की गिरणीत तुमच्या तोंडावर धोटा कधी उडालाच नव्हता.

जयवंत : हे काय काढलंस आता? सगळ्या लालबागला ठाऊक आहे. पहिली पाळी होती. कापड विणता विणता साच्यावरचा धोटा सुटला आणि ओठ फाडून गेला. ही खूण आहे ना.

दर्शना : ओठ फाडून गेला, मग नाकपुडी कशी बसली? तीपण एकाच बाजूची? बाबा, टाके सुकल्यापासून मी रोज पोरीच्या व्रणावर बोट फिरवतेय. डॉक्टरांनी शिकवलंय, जरा दाबून फिरवायचं, नाहीतर ओठ वर आखडतो. ती रेघ मी डोळे मिटून ओळखीन. परवा तुमच्या मांडीवर बसून पोरीनं तुमची मिशी मुठीत धरली आणि वर ओढली. तुम्ही दोघं हसत होतात. मी नाही हसले. मी बघत होते.

जयवंत : व्रण काय, सगळे सारखेच दिसतात.

दर्शना : म्हणून मी माहीमला तुमच्या अक्कांना, चंपाआत्यांना फोन लावला. एवढंच विचारलं, ‘आत्या, बाबांच्या ओठाचं ऑपरेशन झालं तेव्हा ते केवढे होते?’ तर म्हणाल्या, ‘तुला कोणी सांगितलं?’ झालं! मग सगळं भडाभडा बाहेर आलं. सहा वर्षांचे होईपर्यंत फाटका ओठ घेऊन फिरत होतात. पोरं ‘ससा, ससा’ म्हणून मागे लागायची. आत्या तुम्हाला पदराखाली झाकून शाळेत न्यायच्या.

जयवंत : अक्कानं आईच्या गळ्याची शपथ घेतली होती.

दर्शना : आणि मी कोणाच्या गळ्याची घेऊ? सहा महिने मी काय काय ऐकलं, तुम्ही होतात ना घरात? जिन्यावर, नळावर, हळदीकुंकवाला. ‘ग्रहणात पेरूला फाक मारलीन, पोरीच्या ओठाला फाक पडली.’ वाण्याच्या दुकानात मला बघून बायका गप्प व्हायच्या. राहुलसुद्धा एकदा बोलून गेला, ‘तो पेरू नसतास कापलास तर?’ नवरा माझा! ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि तुम्ही? तुम्ही पेपर वाचत होतात.

जयवंत : मी कधी तुला एका शब्दानं बोललो?

दर्शना : नाही ना बोललात! तेच तर. पोरीला मांडीवर उभं धरून चमच्याचमच्यानं दूध पाजायचात, तेव्हा मला वाटायचं, ह्या घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचा आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि चोर समोर बसून दूध पाजत होता.

जयवंत : बोल. मला काय हवं ते बोल. पण खाली नको. आणि तुझ्या सासूला तर नकोच. हात जोडतो.

दर्शना : त्यांना काय सांगायचं? त्यांना माहीतच असणार. एवढा संसार केला तुमच्याबरोबर.

जयवंत : नाही माहीत.

दर्शना : काय?

जयवंत : तिलापण धोटाच सांगितलाय. लग्नाआधी आईनं सांगितलं, ते तसंच राहिलं.

दर्शना : अरे वा! मग तर माईकपण नको. त्यांना एकटीलाच सांगते, इथेच. त्यांचं तोंड कसं होतंय ते मला जवळून बघायचंय.

जयवंत : पोरी, तू समजतेस तेवढंच नाही ते. हिला कळलं तर भलतंच काही बाहेर येईल.

दर्शना : येऊ दे. अजून टाळूचं ऑपरेशन व्हायचंय. मग पोरीला नीट बोलायला शिकवायचंय, वर्षानुवर्षं न्यायचंय. तिला कळायला लागलं की ह्याच चाळीतली कोणीतरी बाई तिला सांगणार, ‘तुझ्या आईनं केलं हे.’ ते मी होऊ देणार नाही. त्यासाठी कोणाचं काय बाहेर पडायचं ते पडो.

(रमाबाई घुगऱ्यांचं पातेलं न्यायला आत येतात. दोघांचे चेहरे बघून उंबऱ्याशीच थांबतात. सासूला बघून दर्शनाला इतका आनंद सहा महिन्यांत कधी झाला नव्हता.)

रमाबाई : गो, बायका कवाच्या येवन बसल्यात. घुगऱ्यो खय असत? आणि पोरीची कुंची जरा पुढे ओढ. उजेडात व्रण दिसता.

दर्शना : नाही ओढणार.

रमाबाई : लोका बोलतत, म्हणान सांगतंय.

दर्शना : लोकांना बोलायला तुम्हीच शिकवलंत. पेरूला फाक, ओठाला फाक. हे वाक्य कोणाचं?

रमाबाई : माझा. खोटा असा? ह्या डोळ्यांनी बघलंय मी. ग्रहण लागलेला, तुका सांगितलेला हलू नको, आणि तू विळी घेवन बसलंस.

दर्शना : सातव्या महिन्यात होते मी तेव्हा. भूक लागली होती. आई, बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो आणि टाळू तिसऱ्यापर्यंत. मला दिवस गेलेत हे नीट कळायच्या आत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यात ग्रहण कुठे आलं? डॉक्टर सगळं समजावून सांगत होते. पुढे नर्सनं पोरीला पाजायचं कसं ते दाखवायला घेतलं, तर तुम्ही सरळ उठून बाहेर गेलात.

रमाबाई : डॉक्टरांका काय, तेंच्या पोथयेत ग्रहणच नाय.

दर्शना : डॉक्टरांनी अजून एक विचारलं होतं. म्हणाले, दर वेळी कारण सापडतंच असं नाही, पण घराण्यात आधी कोणाला होतं का? तुम्ही ताडकन उत्तर दिलंत, ‘आमच्या घराण्यात असला कायएक नाय.’ बाबा बाजूलाच उभे होते. आता त्यांना विचारा.

रमाबाई : तेंका काय इचारूचा?

दर्शना : धोटा कुठल्या साच्यावरून उडाला ते.

जयवंत : दर्शना, बस कर.

दर्शना : जन्मले तेव्हापासून ओठ फाटलेला होता तुमच्या नवऱ्याचा. सहा वर्षांचे असताना शिवला. धोटाबिटा काही नाही. आलंच असेल कुठून तर तुमच्या घराण्यातून आलंय हे, माझ्या विळीवरून नाही. आता जा ना, सांगा घरोघर. माझं सांगायला गेलात, तश्शाच जा!

रमाबाई : अवो. ह्या काय बोलता?

जयवंत : काय सांगू आता.

रमाबाई : मामंजी गेले तेव्हा तुम्ही मिशी काढूक देवक नाय. भावकीत केवढो तमाशो झालो. देवाचो नवस असा म्हणालास. नवस नव्हतो?

जयवंत : नव्हता.

रमाबाई : दर्शना, ता परत सांग.

दर्शना : कोणतं?

रमाबाई : ओठ कधी जुळता ता.

दर्शना : दुसऱ्या महिन्यात.

रमाबाई : आणि ग्रहणात कापल्यान कायएक होवचा नाय? मासे कापले तरी?

दर्शना : मासे कुठून आले? मी पेरू कापला.

रमाबाई : तुझा नाय गो इचारत. माझा इचारतंय.

दर्शना : नाही होत. काहीही कापलं तरी नाही होत. पण तुमचं म्हणजे काय, आई?

रमाबाई : राहुलच्या आधी माका एक चेडू झालेला. माझी पयली पोरगी.

दर्शना : मला कधी कोणी बोललं नाही.

रमाबाई : कोण बोलतला? ओठ फाटलेलो, आत टाळूय उघडी. तुझ्या पोरीपेक्षा जास्त. सासूबाई म्हणाल्या, ग्रहणात बांगडे कापलंस त्याचा फळ. माका काय आठवत नव्हता गो. मी म्हटलंय, कापले असतले. दूध घातला की नाकातून भायर. उताणाच धरून बोंडल्यान पाजलंय. घुसमाटला. बाराव्याच्या आधीच गेला. नाव पण ठेवूक नाय.

दर्शना : आई...

रमाबाई : हॉस्पिटलात त्या नर्सबायन तुका दाखवल्यान ना. पोरीक बसती धरूची, डोका वर, थोडा थोडा घालूचा, मधी मधी ढेकर काढूचो. माका ता बघवला नाय, म्हणान भायर गेलंय. एवढाच करूचा होता. बसता धरूचा. माका कोणी सांगूक नाय.

दर्शना : मला वाटलं, तुम्हाला पोरीची किळस आली.

रमाबाई : तुका ग्रहणात बसवन ठेवलंय ता कित्याक? माझा झाला ता तुझा होव नये म्हणान. आणि तू उठलंस. माका असो राग इलो, म्हटलंय, मेली सांगूनसवरून उठली. माझ्या पोरीक मी मारलंय, हिच्या पोरीक हिणा फाडल्यान. म्हणान सगळीकडे बोललंय. परत बोलूचा झाला असता, तर परत बोलले असते.

दर्शना : मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी फक्त तुमचं तोंड बंद करायला...

रमाबाई : तू गप रव. तुझा-माझा मागसून बघू. आता माझा ह्यांच्याकडे असा. अवो, सासूबाई माका बांगड्यांचा बोलत होत्या, तेव्हा तुम्ही खय होतास?

जयवंत : इथेच.

रमाबाई : तेंका ठावक होता. जन्म देलल्यानी तुमका. तेंका ठावक आणि तुमका ठावक.

जयवंत : आई म्हणाली, लग्नात लपवलंय. आता तोंड उघडलंस तर तिचे भाऊ येऊन तिला घेऊन जातील. गिरणी संपात बंद पडलेली, हाताला काम नाही. मी घाबरलो, रमा.

रमाबाई : आई जावन वीस वर्सा झाली. मगे?

जयवंत : मग तू त्या पोरीचं नावच काढायचं बंद केलंस. मला वाटलं, विसरलीस. जुनी खपली कशाला काढा.

रमाबाई : विसारलंय? दर ग्रहणाक उपाशी बसतंय मी. सुटला की डोक्यावरसून आंघोळ करतंय, दान देतंय. कोणासाठी? तुम्ही पाणी गरम करून दिलास माका. दर खेपेक. माझा पाप धुवूक पाणी गरम करून दिलास.

जयवंत : दुसरं काय करता आलं असतं मला?

रमाबाई : एक शब्द. ‘माझ्यामुळे’, एवढोच.

जयवंत : चुकलो मी. ह्या पोरीला रोज पाजतो ना, तेव्हा ती पहिली आठवते. कसं धरायचं ते शिकलो, म्हटलं तेवढं तरी हातून होऊ दे. माफ कर मला.

दर्शना : आई, खाली श्रेया हाका मारतेय. पाळणा म्हणायला बायका उभ्या राहिल्यात. आजचा दिवस जाऊ दे. मी काही बोलत नाही माईकवर. शप्पथ.

रमाबाई : तू कित्याक बोलतलंस? तुझी काय चूक? पोरीक उचल, घुगऱ्यो मी घेतंय. आणि तुम्ही उठा.

जयवंत : मी नाही येत खाली. मला बरं वाटत नाही.

रमाबाई : येतलास. पाळण्याक लागून खुर्ची घालतंय, थयच बसा. दरएक बाय वाकान बघतली आणि इचारतली, ‘पोरगी कोणार गेली?’ ता तुम्ही सांगूचा. दरएकीक. ‘माझ्यार गेली’ म्हणान.

जयवंत : ह्या वयात? सगळ्या चाळीसमोर?

रमाबाई : आणि पहिली कोणार गेलेली, ता पण.

जयवंत : रमा, तू काय करणार मग? जाणार कुठे?

रमाबाई : मी खय जातंय? मी बाजूकच बसतलंय. आयकत.